गोऱ्या मायची शेळी

एकेचाळीस बैलगाड्या, नऊ टांगे आणि भुसावळकडून आलेला एक मालट्रक. सायकली साठपर्यंत मोजल्या आणि सोडून दिल्या. ही गर्दी तोताराम दलालाच्या अंगणाबाहेर, रविवारी सकाळी साडेआठला. आमचं गाव तसं एवढंसं, की एरवी परकं कुत्रं आलं तरी चार घरांतून चौकशी होते. गावाचं नाव लिहीत नाही, असोद्याच्या शिवेला लागून आहे एवढं पुरे. तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात आणि ते तसंच चालू राहावं अशी माझी इच्छा आहे.

आत ओसरीवर, खाटेवर, झुंबरबाई बसली होती. तोतारामची विधवा भावजय, वय बेचाळीस. पांढरं लुगडं, पदर कपाळावरून घट्ट ओढून हनुवटीखाली बांधलेला, जळगावच्या मिशनातल्या सिस्टरांसारखा. डोळे मिटलेले. धूप इतका, की पहिल्या रांगेतले भक्त भक्तीनं रडत होते की धुरानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ओरा प्रो नोबिस," झुंबरबाई पुटपुटली.

"आली!" तोताराम उडालाच. "गोरी माय आली! पाय काढा भाऊ वाटेतून! मागच्यानं पुढं रेटू नये, पुढच्यानं मागं पाहू नये! बोला, कोनाचा नंबर?"

तोताराम केळीच्या हर्राशीत बोली पुकारायचा. त्याचा गळाच लिलावाचा. केळीची वॅगन असो की मयताची बातमी, त्याच्या तोंडून ती चढत्या भावातच निघायची.

नंबर लागला धुळ्याकडच्या अभिमन नावाच्या शेतकऱ्याचा. बैल हरवला होता. "माय, मना बैल कथा गया?" त्यानं हात जोडले.

"पोको साले," झुंबरबाई म्हणाली.

"माय म्हनते, भडगावचा बाजार पाहा! गिरणेच्या काठी, उगवतीच्या अंगाले! नारळ ठेवा, पुढचा!"

अभिमन डोळे पुसत माझ्या शेजारी येऊन बसला. "बठ्ठा गावमा हाईच बोलनं चालू शे भाऊ. माय खोटं बोलस नही."

मी वहीत लिहिलं: पोको साले, म्हणजे बैल, भडगाव. त्याच्यावर आधीच्या बैठकांच्या ओळी होत्या. पोको साले, म्हणजे सुनेला मुलगा होईल. पोको साले, म्हणजे विहिरीला वीस हातांवर पाणी. पोको साले, म्हणजे पोटदुखीला तीन दिवस उपास. मायची भाषा मोठी काटकसरी दिसत होती. दोन शब्दांत विहीरही मावत होती आणि बैलही.

ही टिपणं घ्यायची खोड मला नोकरीनं लावली. जळगावात दीपमाता भगिनींची मुलींची शाळा आहे, तिथं मी कारकून. सकाळी सायकलीनं जायचं, हजेरीपट भरायचे, संध्याकाळी परत. त्या वर्षी, म्हणजे पंचावन्न साली, या भगिनींना जळगावात पन्नास वर्षं पुरी होत होती. त्यांचा इतिहास मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यांची रोजची घरवही असते. आज कोण आजारी, कोण आलं, काय शिजलं, सगळं त्यात. तेवीस बांधीव वह्या, बहुतेक इटालियनमध्ये. त्या वाचून दाखवायच्या सिस्टर पावलीना. वय शहात्तर, गुडघे गेलेले, मराठी मोडकं, स्मरण मात्र ताजं.

पहिली नोंद सन पाचची. प्लेगच्या दिवसांत तिघी बायका जळगावला उतरल्या आणि जिनिंगच्या रिकाम्या गुदामात राहिल्या. एकीला ताप, दुसरीला उलट्या, तिसरीनं दवाखाना उघडला. ती तिसरी म्हणजे मदर जोव्हान्ना. लोक तिला गोरी माय म्हणायचे. एकोणपन्नास वर्षं तिनं आमच्या भागातली गळवं फोडली, बाळंतिणी सोडवल्या, अंगारा लावून आलेल्या जखमा धुतल्या आणि लावणाऱ्यांना शिव्या दिल्या. चोपन्नच्या डिसेंबरात ती गेली. आणि फेब्रुवारीत ती आमच्या गावात झुंबरबाईच्या अंगात आली.

आता खरं सांगतो. मी हसत होतो, पण उत्तर माझ्याजवळ नव्हतं. झुंबरबाई अंगठेबहाद्दर. नवरा वारल्यावर तेरा वर्षं सुरतेला मामाकडे होती, पंचेचाळीस साली परत आली. मिशनच्या फाटकातून ती कधी आत गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मग ही भाषा आली कुठून? तोताराम हाच सवाल प्रत्येक बैठकीत करायचा आणि माझ्याकडे बघून करायचा. "इथं शिकलेले लोक बसेल आहेत. सांगावं त्यांनी!"

वही सिस्टरांना दाखवावी असं मनात अनेकदा आलं. पण मेलेल्या मदरच्या नावानं चाललेला तमाशा त्यांच्यापुढे कसा न्यायचा, म्हणून भिडेपोटी गप्प राहिलो. ही भीड महागात पडणार होती.

त्याच रविवारी दुपारी केळीच्या बागेकडून एक लाळ गाळणारं कुत्रं गावात शिरलं. दोन माणसांना आणि एका म्हशीला चावलं आणि दुसऱ्या दिवशी पाटाच्या कडेला मरून पडलं. माणसांपैकी एक झुलाल, वावरं राखणारा म्हातारा. दुसरा पितांबर, माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता मुलगा. बावीस वर्षांचा, लग्नाला पाच महिने झालेले. पोटरीत चार दात.

सोमवारी मी त्याला सायकलीवर घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं सिस्टर क्लारा असतात, वसईच्या, तिशीच्या आतल्या, बोलायला सडेतोड. सिव्हिल हॉस्पिटलातून बर्फाच्या थर्मासात लस आणवून त्या टोचायच्या.

"चौदा दिवस, चौदा सुया, पोटात," त्या म्हणाल्या. "एकही चुकवायची नाही."

"पोटात?" पितांबर बाकावरून उठलाच. "सिस्टर, कुत्रं पायाले चावलं."

"कुत्र्याला सांगायचं होतं, सोयीच्या जागी चाव म्हणून."

झुलालला मी निरोप धाडला होता. त्यानं उलटा निरोप धाडला, की चाळीस वर्षं कोल्हे हाकलतोय, कुत्र्याचं काय सांगता.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन सुया झाल्या. पितांबरचं पोट सुजलं, अंगात कणकण आली. रोजच्या रोज तो सुई पाहून असा पांढरा पडायचा, की त्याची बायको ताईबाई एकदा म्हणाली, "इतकं भेव त्या कुत्र्याचं घेतलं असतं तर वाचले नसते का!" गुरुवारी शाळेत तपासणी होती म्हणून मी पहाटेच निघालो. ताईबाई त्याला घेऊन येणार होती.

शुक्रवारी मधल्या सुटीत सिस्टर क्लारा शाळेच्या कचेरीत आल्या. "लीलाधरभाऊ, तुमचा भाचा काल आला नाही. आजही नाही."

मी हजेरीपट तसाच उघडा टाकून सायकल काढली. असोद्याचा रस्ता कधी नव्हे एवढा लांबला. चैत्राचं ऊन, समोरून वारा, आणि डोक्यात एकच आकडा: तीन. चौदातून तीन.

पितांबर ओसरीवर उताणा पडून ऊस खात होता. अक्का, म्हणजे माझी बहीण बेबाबाई, धान्य पाखडत होती.

"सुया बंद," तिनं सूप न थांबवता सांगितलं. "काल मायपुढं नेलं मी त्याले. माय बोलली."

"काय बोलली?"

"तिच्या भाषेत बोलली. 'पोको साले' का काय ते. तोतारामभाऊनं फोड केली. सुयांनी रगत नासतं. मायचं पानी तीन दिवस घ्या, वीख उतरलं."

"अक्का, ह्याच दोन शब्दांत रविवारी त्यानं बैल शोधून दिला!"

"मंग? मायचे शब्द आहेत. त्यात काहीबी राहू शकतं."

"अगं, ते कुत्रं पिसाळलेलं होतं. मेलं ते!"

"ते मेलं, माझं पोरगं ऊस खाऊ राह्यलं. तूच सांग, कोनाचं वीख उतरलं?" तिनं सूप खाली ठेवलं. "लीलाधर, तू त्यांच्याकडं चाकरी करतो. त्यांची सुई तुले गोड लागनारच. आन माय कोनाची? त्यांचीच! त्यांच्याच मायनं सांगितलं सुई नको, तर तू कोन मोठा?"

गोऱ्या मायच्या दवाखान्यातली सुई गोरी मायच बंद करत होती. पितांबर ऊस चघळत माझी नजर चुकवत होता. त्याला मायवर विश्वास होता असं नाही. त्याला न टोचणारा देव हवा होता, आणि तो मिळाला होता.

त्या संध्याकाळी मी एका जागी दहा मिनिटं बसू शकलो नाही. शनिवारी शाळा सुटायची वाट न बघता वही घेऊन मागच्या अंगणात गेलो. सिस्टर पावलीना पेरूच्या सावलीत खुर्चीवर बसून वाल सोलत होत्या. सिस्टर क्लारा शेजारी पट्ट्या गुंडाळत होत्या. मी सगळं सांगितलं आणि लिहून घेतलेलं वाचायला लागलो.

"ओरा प्रो नोबिस."

"हे सांजेच्या प्रार्थनेतलं," सिस्टर क्लारा म्हणाल्या. "एकजण संतांची नावं घेते, बाकीच्या म्हणतात, आमच्यासाठी विनंती कर. शंभर वेळा येतं ते."

"पोको साले."

सिस्टर पावलीनांचे हात थांबले. "परत."

"पोको साले. आणि हे एक, 'क्यूदी ला पोर्ता, ला काप्रा, ला काप्रा'. ह्याची फोड तोतारामनं केली, की घरावर काळी बाधा आहे."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता वालाची परात मांडीवरून सांडली. "काप्रा! लीलाधर, काप्रा म्हणजे शेळी! दार लाव, शेळी, शेळी! आमच्याकडे शेळी होती, फार वाईट शेळी. रोज स्वयंपाकघरात यायची, भाजी खायची. मदर जोव्हान्ना ओरडायची, मार्था, दार लाव!"

"आणि पोको साले?"

"मीठ थोडं. मार्था फार मीठ घालायची."

"मार्था कोण, सिस्टर?"

त्यांनी सिस्टर क्लारांना आतून सन बत्तीसची वही आणायला लावली. आमचं लिखाण एकतीसपर्यंतच आलं होतं. एक वही पुढं असतो, तर मला हे महिनाभर आधी कळलं असतं. सिस्टर पावलीनांनी बोट ठेवून वाचलं. जुलैची नोंद. जवळच्या खेड्यातली विधवा, वय एकोणीस, सासरहून उपाशी आली. भांडी घासेल, चूल बघेल. नाव आम्हाला उच्चारता येत नाही, म्हणून मार्था म्हणतो. धर्म बदलायचा नाही म्हणते, बरं म्हटलं. एकच अट घालते, की ती इथं आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही.

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. मिशनातल्या चुलीवर राहिली, परक्यांची भांडी घासली, असं कळतं तर आमच्या जातीनं तिला पंगतीतून उठवलं असतं, आणि तिच्या सगळ्या घराला. म्हणून घरच्यांनी गावात सुरत सांगितली. तेरा वर्षं झुंबरबाईची सुरत आमच्यापासून दोन कोसांवर होती, आतल्या भिंतीआड. अख्खं गाव बाजाराला त्या भिंतीलगत जात होतं.

"ती जिवंत आहे?" सिस्टर पावलीना विचारत होत्या. "बरी आहे? दात दुखायचा तिचा."

"सिस्टर, तिच्या तोंडच्या शब्दांनी माझा भाचा मरेल," मी म्हणालो. "एक सोपा रस्ता आहे. मी तिला गुपचूप गाठतो. उद्या बैठकीत गोऱ्या मायच्या तोंडून तिनं एवढंच म्हणायचं, की सुया घ्या. पितांबर येईल, झुलालही येईल. कुणाची अब्रू जाणार नाही."

सिस्टर क्लारांनाही ते पटलं असावं, त्यांनी पट्टी दोनदा सोडून दोनदा गुंडाळली. सिस्टर पावलीना सांडलेले वाल वेचत होत्या.

"उद्या माय बोलली सुई चांगली. परवा माय बोलेल सुई वाईट. लीलाधर, तू हिशेबी माणूस. सांग, दोन्ही दिवशी माय कोण?"

"तोताराम," मी म्हणालो.

"मग? मला टांगा पाहिजे. मी मार्थाचं नाव घेणार नाही, तिचं गुपित तिचं आहे. मी फक्त भेटेन. बोलायचं की नाही ते ती ठरवेल."

रविवारी गर्दी मोजली नाही. टांगा अंगणाशी थांबला. मी आणि सिस्टर क्लारांनी म्हातारीला खुर्चीसकट उतरवून ओसरीसमोर ठेवलं. गर्दीत एकच कुजबुज उठली. पुढच्या रांगेत अक्का, पितांबर आणि ताईबाई होते. झुलाल खांबाला टेकून उभा होता, हाताला फडकं बांधलेलं.

तोताराम क्षणभर बावरला. पण माल पाहून बोली फिरवण्यात त्याची हयात गेली होती. "पाहा! पाहा मंडळी! खुद मिशनवाल्या माया दर्शनाले आल्या! आता कोनाले शंका? धाकटी बहीण थोरलीले भेटाले आली! बाजूले व्हा!"

झुंबरबाई खाटेवर डोलत होती, डोळे घट्ट मिटलेले. "ओरा प्रो नोबिस. ओरा प्रो नोबिस."

सिस्टर पावलीनांनी तिला नीट निरखून पाहिलं. मग खुर्चीच्या दांड्या धरून, शहात्तर वर्षांच्या छातीत होता तेवढा आवाज काढून त्या खेकसल्या, "क्यूदी ला पोर्ता! ला काप्रा! ला काप्रा!"

"माय म्हनते," तोताराम गरजला, "माझ्या बहिणीले आसन द्या, घरावरची काळी बाधा..."

त्याची फोड तिथंच लोंबकळत राहिली. झुंबरबाईनं खाटेवरून उडी मारली होती. डोळे उघडे, पदर सुटलेला. ती धावत ओसरीच्या टोकाला गेली, सैपाकघराचं दार धाडकन ओढलं, कडी घातली आणि वाकून खाटेखाली पाहिलं. "हाड! हाड!"

खाटेखाली शेळी नव्हती. अंगणभर माणसं बघत होती. झुंबरबाई कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग वळून खुर्चीतल्या म्हातारीकडे पाहिलं आणि तिला ओळखलं.

"पोको साले," सिस्टर पावलीना हळूच म्हणाल्या, चिमूट दाखवून, तोंड वेडंवाकडं करून.

"टाकत होते व माय, जास्तीच टाकत होते मीठ," झुंबरबाई म्हणाली आणि खाली बसून रडू लागली.

"मायची लीला! मायची भाषा गूढ..." तोतारामनं पुन्हा सूर धरला.

मागून कुणी बाई ओरडली, "गूढ आहे तर तिनं दार काऊन लावलं रे? तू म्हने बाधा, तिले तर शेळी दिसली!"

मग मला राहवलं नाही. मी वही काढली आणि मोठ्यानं वाचलं. "मंडळी, पोको साले म्हणजे मीठ कमी घाल. मीठ कमी घाल, बैल भडगावला आहे. मीठ कमी घाल, सुनेला मुलगा होईल. मीठ कमी घाल, विहिरीला वीस हातांवर पाणी!"

हसू मागच्या गाड्यांपासून सुरू झालं आणि पुढं आलं. फक्त अक्का हसली नाही. ती झुंबरबाईकडे बघत होती.

"वहिनी, घरात चाल," तोताराम दबक्या आवाजात म्हणाला. "चूप राह्य. पंगतीतून उठवतील आपल्याले."

"उठवू दे." झुंबरबाईनं नाक पुसलं. ती उभी राहिली, आणि तिचा स्वतःचा आवाज गावानं कितीतरी दिवसांनी ऐकला. "मी सुरतेले नव्हते. जळगावले होते, यांच्या चुलीवर. तेरा वर्सं. खाल्लं त्यांचं, घासलं त्यांचं. माय गेली ते कयलं, तर मी कोपऱ्यात बसून तिची सांजेची प्रार्थना म्हनू राह्यलती. रडू राह्यलती. शेजारच्या बाया आल्या, कोनती भाषा म्हने, आन ह्यानं गुपित फुटू नये म्हनून बोंब मारली, की अंगात आलं. तवापासून बसवलं मले खाटेवर. अंगात कोनी नाही आलं, बाप्पा. मेलेलं मानूस येत असतं, तर मायनं पह्यले मले थोबाडीत मारली असती."

एक खोटं झाकायला दुसरं, एवढाच या चमत्काराचा सांगाडा. बाकी सगळं मांस आम्ही चढवलं होतं.

ती उतरून पितांबरसमोर येऊन बसली. "पोरा, त्या दवाखान्यात एक जन आनलता, कुत्रं चावेल. उशिरा आनलता. मी त्याचा हात धरून होते, तीन दिस. त्याले तहान लागे, आन पानी पाह्यलं की गया आवये, घोटबी उतरे ना. वाऱ्याची झुयूक आली तरी अंग वाकडं होये. शुद्धीत होता रे शेवटपर्यंत. मायनं भिंतीवर डोकं आपटलं, की हा पंधरा दिस आधी का नाही आला." तिनं त्याचं मनगट धरलं. "सुई दुखते. मले माहीत आहे. चाल."

पितांबरनं आईकडे पाहिलं. अक्का उठली, पदर खोचला आणि सिस्टर क्लारांना विचारलं, "टांग्यात जागा आहे का?"

"आहे. पण तीन दिवस चुकलेत. पुन्हा पहिलीपासून."

"चौदा?" पितांबर किंचाळला.

"तुमच्या मायनं मीठ कमी घालायला सांगितलं होतं," सिस्टर क्लारा म्हणाल्या, "सुया नाही."

गोष्ट इथं संपली असती तर मला आवडलं असतं. पितांबरच्या तीन आणि चौदा मिळून सतरा सुया झाल्या. प्रत्येक दिवशी झुंबरबाई त्याचा हात धरून बसली, आणि तो आज केळी लावतो आहे. झुंबरबाईला जातीनं पंगतीतून उठवलं. अक्कानं जातपंचांना सांगितलं, की मग माझंही पान वाढू नका. त्यावर ते प्रकरण अजून लोंबकळतं आहे. तोताराम पुन्हा हर्राशीत गेला. अभिमनचा बैल भडगावला नव्हता, धुळ्यातच व्याह्याच्या गोठ्यात सापडला.

पण त्या रविवारी लोक हसत होते, मी वही नाचवत होतो, टांगा भरत होता, तेव्हा खांबाजवळचा झुलाल निघून गेला. मायचं पाणी त्यानं तीन दिवस घेतलं होतं आणि त्याच्या मते हिशेब पुरा झाला होता. सोमवारी चौकशी केली तर तो गिरणेकाठी बहिणीच्या गावी, भडगावकडे, राखणीला गेलेला. मी चिठ्ठी पाठवली. स्वतः गेलो नाही, शाळेत परीक्षा होत्या. चौतिसाव्या दिवशी त्याला गाडीत घालून आणलं. तोंडाशी पाण्याचं भांडं नेताच त्याचा गळा आवळला. सिस्टर क्लारा बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एकेचाळीस गाड्या मी मोजल्या होत्या. एक म्हातारा मोजायचा राहिला.

म्हणून हे लिहिलं. कोणी तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत काही सांगितलं, तर त्याच्याच दुभाष्यावर विसंबू नका, त्या भाषेचा दुसरा माणूस शोधा. एकाच शब्दाचे आज एक आणि उद्या दुसरा असे अर्थ निघाले, तर लिहून ठेवा आणि शेजारी शेजारी वाचा. घरातल्या बाईनं कष्ट कुठं केले हे लपवू नका. अशा लपवलेल्या जागीच चमत्कार उगवतात. आणि कुत्रं चावलं तर जखम साबणानं खूप धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. विचारायचं ते नंतर कोणालाही विचारा.

मिशनच्या दवाखान्यात हल्ली बाकाच्या टोकाशी एक बाई बसते. डोक्याला पदर साधाच. सुई घ्यायला आलेल्याचं मनगट धरते आणि विचारते, "कितवी?"

"चौथी."

"दहा राह्यल्या. चौदावी झाली की माझ्या चुलीशी ये, पिठलं-भाकर वाढीन." मग दाराकडे बघत ती हळू आवाजात म्हणते, "मीठ कमी-जास्त झालं तर मात्र सांगजो. तोंडावर सांगजो."